सातूचा उंबरा

३ मार्च
पोहोचले एकदाची. सहा आठवड्यांची नोकरी, राहायला खोली, दोन वेळचं जेवण, आणि काम काय, तर कुत्रीजवळ बसायचं. पाळणाघर बंद पडल्यापासून घरी माशा मारत होते, त्यापेक्षा हे बरं. मी निघताना ठकी गळ्यात पडून रडली. सतरा वर्षांची घोडी झालीये, पण आईवाचून पान हलत नाही लेकीचं. तिला माझ्या बहिणीकडे ठेवलंय.

मॅडम दारात उभ्या होत्या. गोड हसल्या, पण पायरी काही उतरल्या नाहीत. दोन्ही पिशव्या मीच ओढत अंगणातून आणल्या. मोठी माणसं, म्हटलं, चालायचंच.

५ मार्च
इथल्या सगळ्या कुत्र्या पिल्लांच्या धंद्यातून आलेल्या. वर्षातून दोनदा व्यायचं, पिल्लं विकली जायची, आई पिंजऱ्यातच. व्यायचं थांबलं की मालकाला ती नकोशी होते. मॅडम तिला इथे आणवून माणसाळवतात आणि चांगल्या घरी दत्तक देतात.

माझ्या वाट्याला आलेलीच्या कानात सातचा आकडा गोंदलाय, म्हणून मी तिला सातू म्हणते. सहा वर्षं तारेच्या जाळीवर उभी राहून तिच्या पायांची बोटं फाकलीत, नखं आत वळलीत. आमच्या खोलीचं दार दिवसभर सताड उघडं असतं. सातू उंबऱ्याशी येते, थांबते, खाली बघते आणि मागे फिरते.

पद्धत सोपी आहे. अंगाला अंग लावून बसायचं. ओढायचं नाही, खाऊ दाखवायचा नाही. मॅडम म्हणाल्या, तिची भीती दुसऱ्या कुणी घेतली की ती आपणहून निघते. आजवर एकही कुत्री आत राहिलेली नाही.

१० मार्च
सातू आता माझ्या मांडीवर डोकं ठेवते. मी तिला ठकीच्या लहानपणच्या खोड्या सांगते. ती ऐकून घेते, ठकीपेक्षा शहाणी आहे.

माणसं भारी कामसू आहेत इथली. स्वयंपाकघराची खिडकी आमच्याच खोलीत उघडते, स्वयंपाकाच्या काकू तिथून ताट सरकवतात. ओटा सोडून कधी हलत नाहीत. अंगणापलीकडचा कारकून टेबलाला चिकटलेला. त्याला चहा प्यायला बाहेर बोलावलं, तर म्हणाला, इथेच आणून द्या. पाळणाघरात आम्ही तासाला तीनदा बाहेर पळायचो.

१७ मार्च
आज सातू निघाली. उंबऱ्याशी आली, थांबली, आणि टुणकन बाहेर. अंगणभर गोल गोल धावली. मी रडले, सांगायला लाज कसली. तिच्यामागे जायला उठले, पण पाय उचलेना. बसून बसून मुंग्या आल्या असतील.

१८ मार्च
मुंग्या नाहीत. खोलीत नीट चालता येतं. उंबऱ्याशी गेले की थांबते. दोन बोटं उंचीचं लाकूड. पलीकडे फरशी आहे, डोळ्यांना दिसते. पायांना ती खरी वाटत नाही.

आज चौदा वेळा गेले. चौदा वेळा मागे फिरले.

२० मार्च
मॅडमना हाका मारल्या. त्या अंगणापलीकडे, आपल्या दारात उभ्या. तिथूनच म्हणाल्या, सवय होते. त्यांना बारा वर्षं झाली. कुत्रीला घर मिळालं ना, मग झालं, म्हणाल्या. अगदी मनापासून.

मॅडम, काकू, कारकून. यांतल्या एकालाही मी उंबऱ्याबाहेर पाहिलेलं नाही. डोळे होते, पण बघितलं नाही मी.

२३ मार्च
सातूला एक नवरा-बायको घेऊन गेले. जाताना ती माझ्या दाराशी आली. शेपटी हलवली. आत पाऊल टाकलं नाही. तिला कळलंय.

मग काकू खिडकीतून हळूच बोलल्या. सुटता येतं. आपलं कुणी येऊन असंच अंगाला अंग लावून बसलं, की आपण सुटतो आणि ते अडकतं. काकूंची बहीण आली होती. काकूंनी उकळत्या पाण्याचं भांडं हातात धरून तिला पिटाळलं. परत आली नाही ती.

मीही तेच करीन.

२४ मार्च
बहिणीला फोन केला. काम वाढलंय म्हटलं, ठकीला पाठवू नकोस. ठकीनं फोन ओढून घेतला. आवाज असा का येतोय, विचारायला लागली. मी ओरडले तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. आता रुसून बसेल. बसू दे.

२८ मार्च
उंबरा. खाली बघणं. मागे. खोलीच्या कडेकडेनं गोल चालते आता— सातू चालायची तशी.

३१ मार्च
ठकी आलीये.

दारातच अडवलं. शिव्या दिल्या. तांब्या फेकून मारला— लागला नाही. लागेल असा फेकलाच नाही मी. तिथेच चुकलं.

आत आली. शेजारी बसली. ढकललं तर आणखी चिकटली. सगळं खरं खरं सांगितलं, तर म्हणते, तू निघाल्याशिवाय मी हलणार नाही.

१ एप्रिल
हाकलून हाकलून घसा बसला. काकूंनी खिडकी लावून घेतली. काल ताटही नाही.

या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात— ती मागे येते. माझीच मुलगी. मीच लाडावलेली. दुपारी डोळा लागला माझा. किती दिवसांनी. जाग आली तर डोकं तिच्या खांद्यावर—

२ एप्रिल
पाय हलके वाटतायत.

नको. देवा, नको.

तिला म्हटलं, अंगणातून पाणी आण. आत्ता. लाडाची ना माझी, ऊठ.

उठली. हसतेय. चाललीये—

उंबऱ्याशी थांबली.

खाली बघतेय.

ठके, टाक पाऊल— टाक ना गं—

मागे फिरली. मी दाराशी— उंबऱ्याला धरून बसलेय, दोन्ही हातांनी, वही मांडीवर— आणि माझा पाय, मी उचलला नाही, आपणहून पलीक—