आज जेवायला कुठे, विबेके?

रविवार, ११ मे

कोपनहेगनची गाडी अजून समुद्रावरच्या मोठ्या पुलावरही आली नव्हती आणि आस्गरचा फोन. मला वाटलं, परिषदेतल्या माझ्या भाषणाबद्दल असेल. छे! उद्या आठ माणसांसाठी कुठेतरी चांगलं टेबल बघ म्हणे. आणि बुधवारी नऊ. बुधवारची माणसं महत्त्वाची — हॉलंडहून निधीवाले येणार आहेत. "या बाबतीत तुझं नाक कुत्र्यासारखं आहे, विबेके." हे कौतुक!

मग फोन ठेवता ठेवता — वेळापत्रकात जरा दाटी झालीय, तेव्हा तुझं भाषण आम्ही पोस्टरमध्ये बसवलंय. म्हणजे व्यासपीठ नाही, भिंतीवर तक्ता लावून शेजारी उभं राहायचं.

बसवलंय. मोठ्या माणसाला पोराच्या खुर्चीत बसवावं तसं.

बावीस वर्षं मी लिमफियॉर्डच्या खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून समुद्रगवत लावतेय. तळाला गवत नसेल तर मासा नाही, खेकडा नाही, नुसता चिखल. हे सगळ्या परिषदेला मान्य आहे. ते गवत कुणी लावलं, एवढंच कुणाला आठवत नाही. आस्गर या प्रकल्पाचा प्रमुख. कोपनहेगनच्या विद्यापीठातल्या त्याच्या खोलीतून पाणी दिसतं म्हणे. पाय कधी ओले झालेत का, विचारायला हवं.

खिडकीबाहेर दोन्हीकडे मोहरी फुललीय. पिवळंधमक. डोळ्यांना त्रास होतो.

सोमवार, १२ मे

पोस्टर लावलं. जागा — कोट अडकवायच्या दांड्यांमागे. एक नॉर्वेचा माणूस बराच वेळ समोर उभा राहिला. मी सगळं समजावून सांगायला सुरुवात केली. तो आपला मफलर शोधत होता.

दुपारी परिषदेतून निसटले आणि टेबल शोधायला निघाले. या शहरात चांगलं जेवण शोधणं आता सोपं राहिलेलं नाही. सगळीकडे तेच — दगडावर शेवाळ, शेवाळावर एक कांदा, आणि तो कांदा कुठल्या शेतात वाढला त्याची कहाणी सांगणारा वेटर. कहाणी संपेपर्यंत कांदा गार. दुसरीकडे पाहावं तर पर्यटकांसाठी मांडलेली दुकानं, दारात चित्रांचे फलक.

माझी रीत जुनीच. चकाकत्या दारासमोर थांबायचं नाही. मागच्या गल्लीत जायचं, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभं राहायचं. लोणी परतल्याचा वास ताजा की कालचा, हे नाकाला कळतं. पदार्थ जितके जास्त, तितकी जागा वाईट. आणि दुपारी जवळपासचे लोक तिथं जेवतात का, ते बघायचं. जेवताना गप्प बसलेले दिसले की आत शिरायचं.

वेस्टरब्रो भागात एका तळघरात सापडलं. मालक एब्बे नावाचा जाडा गृहस्थ. आज काय आहे, विचारलं तर म्हणाला, "मासा. उद्याचं उद्या विचार." मी तिथल्या तिथं आठ माणसं सांगितली. जाता जाता त्यानं कढईतला एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. तळलेला प्लेस मासा, वर नुसतं मीठ. दिवसभरात कुणी मला काही दिलं असेल तर तेवढंच.

मंगळवार, १३ मे

कालचं जेवण जमलं. सगळ्यांनी बोटं चाटली. आस्गरनं एका स्कॉटिश बाईंशी माझी ओळख करून दिली — "ही विबेके. हिच्यामुळे आम्ही उपाशी राहत नाही." बाई हसल्या. मीही हसले! त्याचाच राग येतोय.

हे खूळ सुरू झालं हॅम्बुर्गला, किती वर्षं झाली कोण जाणे. पाऊस, सगळे भुकेले, कुठेच जागा नाही, आणि मी बंदरामागे एक खाणावळ शोधून काढली. तेव्हापासून दर परिषदेत, दर शहरात — "आज जेवायला कुठे, विबेके?" तुझं काय म्हणणं आहे, विबेके, असं एकदाही नाही.

आज रुनेचं भाषण. मोठं सभागृह, माणसं जिन्यावर बसलेली. रुने माझ्याकडेच शिकला. पहिल्यांदा खाडीवर आला तेव्हा रबरी विजार उलटी घालून पाण्यात पडला होता. मी त्याला कॉलरला धरून बाहेर काढलं होतं. आता आस्गरचा उजवा हात.

तो काय बोलला? माझंच! आजूबाजूच्या शांत खाड्यांतून आणलेली रोपं मरत होती. वर्षानुवर्षं. मग मी फियॉर्डच्या तोंडाशी, जिथं लाटा आणि प्रवाह झोडपून काढतात, तिथली रोपं आणून लावली, आणि ती जगली. रुनेनं नकाशा दाखवला, हिरवे ठिपके दाखवले. तो एक एक ठिपका म्हणजे माझ्या कमरेचं दुखणं. आणि मग म्हणाला, "थोडक्यात काय, मार खाल्लेली रोपंच जगतात." सभागृह हसलं.

हे वाक्य माझं. होडीत बसून कॉफी पिताना मी त्याला म्हटलं होतं.

शेवटच्या चित्रावर अगदी खाली, बारीक अक्षरात, आभारांच्या ओळीत माझं नाव. होडीवाल्याच्या नावानंतर. ज्याच्या हाती ससा तो पारधी!

बाहेर आल्यावर रुने माझ्याकडे यायला निघाला होता. मी कोट घेऊन चालू लागले.

बुधवार, १४ मे

लिहायचं नव्हतं. पण झोप लवकर उडाली आणि हॉटेलच्या खोलीत दुसरं काय करणार. हे खरं तर गुरुवारच्या पहाटेचं.

काल निधीवाल्यांसाठी टेबल मिळवायला मी अर्धा दिवस घालवला. ख्रिस्तियान्सहाउनमध्ये, पाण्याकडेला, एका बहीणभावांचं हॉटेल. आधी जागा नाही म्हणाले. मी तिथं बसून त्यांचं हेरिंग खाल्लं, त्यात मोहरी कमी आणि शेपू जास्त आहे हे बहिणीला सांगितलं. तिनं भावाला हाक मारली, दोघांचं भांडण झालं, आणि मला टेबल मिळालं. नऊ जणांचं. नऊ म्हणजे माझ्यासकट नऊ, असं मी धरून चालले होते. आस्गरच्या भाषेत आकडेही वेगळे असतात, हे मला ठाऊक नव्हतं.

चांगला निळा सदरा घातला. पोचले तर नऊही खुर्च्या भरलेल्या. आस्गर, रुने, विद्यापीठातले लोक, आणि मधोमध निधीवाली हादेविख, उंच, पांढरे केस, कमी बोलणारी. मी दारातच थांबले. सगळ्यांनी मान वर केली. आस्गर उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अगं, तू जेवायला येणार आहेस हे माझ्या लक्षातच आलं नाही. जागा मात्र फर्स्टक्लास शोधलीस हं!"

रुने अर्धवट उठला. त्याची खुर्ची मला देणार होता बहुतेक. मी त्याला हातानंच बसवलं. त्याच्या उपकाराची खुर्ची नको. मी म्हटलं, सगळं नीट आहे ना, एवढंच बघायला आले होते. आणि बाहेर पडले.

म्हणजे पान मांडायचं मी, पंक्तीत बसायचं यांनी. कोपऱ्यावर उभ्या उभ्या एक सॉसेज खाल्लं. सदऱ्यावर मोहरी सांडली.

गुरुवार, १५ मे

कमाल आहे! सकाळी आस्गर हसतमुखानं पुढे — आज निरोपाचं जेवण, बारा जण, कुठे जायचं? "आज तूही ये हं, नक्की." कालचं काही घडलंच नाही जणू.

मी हो म्हटलं. बघते म्हटलं.

दुपारी कालव्याकडेला गेले. तिथं रांगेनं हॉटेलं आहेत, जिथं कोपनहेगनचा माणूस पाऊलही टाकत नाही. त्यातलं सगळ्यात वाईट शोधायला मला फार वेळ लागला नाही — चांगलं शोधणाऱ्याला वाईटही शोधता येतंच. दारात झेंडे, पाच भाषांतली चित्रं. मागच्या गल्लीत गेले. करपट तेलाचा वास, तोही बऱ्याच दिवसांचा. फलकावर मोठ्या अक्षरात — आजचे खास, काळे शिंपले. मे महिन्यात शिंपले! आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, पाणी कोमट व्हायला लागलं की शिंपल्यांना हात लावू नये. मी ते वाचलं. नीट वाचलं. आणि आत जाऊन बारा जणांचं टेबल सांगितलं. आस्गर विद्यापीठाचं नाव ऐकवतो तसं मीही ऐकवलं.

त्याला निरोप पाठवला: पाण्याचं दृश्य सुंदर, शिंपले तिथली खासियत. माझं डोकं दुखतंय, मी येत नाही.

खाऊ देत. एकदा तरी कळू दे, माझ्याशिवाय यांच्या ताटात काय पडतं.

मी एब्बेकडे गेले. तो म्हणाला, एकटीच? म्हटलं, हो. त्यानं मला पाणी, काळा पाव आणि भरपूर लोणी दिलं, मग मासा. सगळं चांगलं असणार. मला चवच लागली नाही.

शुक्रवार, १६ मे

सकाळी परिषदेत गेले ते मनात खदखदा हसतच. दारात तो मफलरवाला नॉर्वेजियन भेटला — "काल छान जागा निवडलीस." स्कॉटिश बाई — "काय तो कालवा, काय तो उजेड!" आस्गर — "फर्स्टक्लास." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एकाच्याही चेहऱ्यावर काही नाही.

म्हणजे इतकी वर्षं मी गल्लीबोळ हुंगत फिरले, ते कुणासाठी? यांना चिंधी तळून दिली असती तरी चाललं असतं! मला वाटायचं, माझं काम यांना दिसत नाही, निदान माझं नाक तरी दिसतं. तेही नाही.

पुढचं संध्याकाळी लिहितेय.

दहाच्या सुमाराला आस्गर धावत आला, तोंड पांढरं. रुने पहाटेपासून इस्पितळात. ओकाऱ्या, ताप, उभं राहता येत नाही. समारोपाचं भाषण त्याचं होतं. "शिंपलेच असणार. डॉक्टरही तेच म्हणतात. विबेके, तुला बोलावं लागेल. दुसऱ्या कुणाला हे येतं?"

दुसऱ्या कुणाला हे येतं! एवढं ऐकायला मी बावीस वर्षं थांबले होते.

तेव्हा माझ्या मनात काय आलं? रुने नाही. खरं सांगते, रुने नाही आला. निळ्या सदऱ्यावरचा मोहरीचा डाग धुतला होता का, हे आलं.

बोलले. रुनेची चित्रं लावलीच नाहीत. कागदही नाही. पाण्यात पाय ठेवल्यापासून सुरुवात केली. कुठली रोपं का मेली, मेलेलं गवत हातात कसं लागतं, जगलेलं कसं लागतं. नंतर लोक उभे राहिले. हादेविख माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तीन दिवस मी विचारतेय की हे काम पाण्यात उतरून कोण करतं. मला कुणी धड उत्तर देईना. जूनमध्ये मी तुमच्या खाडीवर येते, चालेल?" आस्गर शेजारीच उभा होता. त्याला मान हलवावी लागली.

जिंकले. असंच म्हणतात ना याला?

मी विष घातलेलं नाही. एक वाईट हॉटेल निवडलं, बस. बारा जण जेवले. बाकीचे अकरा टुणटुणीत आहेत. रुनेचंच पोट नाजूक, त्याला मी काय करू?

उद्या दुपारच्या गाडीआधी त्याला भेटून येईन. न जाणं बरं दिसणार नाही.

शनिवार, १७ मे

गेले. सलाइन लावलंय. ओठ फुटलेत, पण उठून बसला. माझं भाषण झालं हे त्याला कळलं होतं. मनापासून खूश होता.

मी विचारलं, बाकी कुणालाच कसं काही झालं नाही? तो म्हणाला, "कुणी खाल्लेच नाहीत. वास येत होता. सगळ्यांनी ताटल्या बाजूला सारल्या, तुला वाईट वाटू नये म्हणून बोलायचं नाही असं ठरलं. मलाच राग आला, विबेके. मी म्हटलं, तिनं निवडलंय ना, मग वाईट असूच शकत नाही. आणि त्यांच्या ताटातलेही मी खाल्ले."