गोधडी कोण पांघरणार?

५ मे
मोबाइल नंबरची चौकट ओढून वर आणली, पिनकोड पत्त्याशेजारी बसवला आणि पान मोकळं झालं. सिद्धेशसर मागे उभे होते, हसले. पहिल्याच दिवशी मालक हसले, बरं वाटलं. वागळे इस्टेटमधला हा छोटा गाळा. पुढे माझं टेबल, मागे कांताबाई आणि शिवणाऱ्या दोघी. लोक वारलेल्या आईच्या, आजीच्या साड्या पाठवतात. इथे त्यांची गोधडी होते. वेबसाइटवरचा ऑर्डरचा फॉर्म नीट लावणं हे माझं काम. डोक्यावर पंखा, दोनदा चहा, खिडकीत तुळस. तीन महिन्यांनी कायम करतील.

७ मे
लोक साडीचा फोटो चढवतात, पत्ता भरतात आणि शेवटच्या चौकटीशी सोडून जातात. तिथे विचारलंय, 'गोधडी कोण पांघरणार?' नाव लिहिल्याशिवाय ऑर्डर पुढे जात नाही. सर म्हणाले, काढून टाका, या प्रश्नावरून भावाबहिणींत भांडणं लागत असतील. कांताबाईंना पटलं नाही. शेवटचा टाका घालताना ते नाव घ्यायचं असतं, त्यांच्या सासूने तसंच शिकवलंय. म्हणाल्या, साडी जिची, तिला कोणाकडे जायचं ते कळायला नको?
सरांनी ऐकलं नाही. पण चौकट काढली तर कांताबाई टाका घालताना वाचतात ती नावाची चिठ्ठी छापली जात नाही. म्हणून ती फक्त लपवली आणि आत चाचणीपुरतं एक नाव भरून ठेवलं, अक्षदा. माझी लेक, सहा वर्षांची. उद्या काही वेगळं करीन. संध्याकाळपर्यंत चार ऑर्डरी आल्या. सर खूश.

१९ मे
कांताबाईंनी विचारलं, अगं, हल्ली सगळे आपल्या पोरींची नावं एकच ठेवतात का? नऊ चिठ्ठ्या. नऊही अक्षदा. भरलेलं नाव काढायचं राहूनच गेलेलं. गोधड्या घरोघर पोचल्या आहेत. मी हसून म्हटलं, असेल. चौकट परत दिसेल अशी केली. कोणाला सांगितलं नाही.

२१ मे
तक्रारी येताहेत. शिवण उत्तम आहे म्हणतात. डोंबिवलीच्या एक बाई लिहितात, साडीला आईचा वास होता, गोधडीला नाही. ठाण्याहून दोघांनी हेच लिहिलं.
कोपरला आमच्या शेजारच्या, लेकीला सांभाळणाऱ्या मायाताई गावी गेल्यात, शाळेला सुट्टी. अक्षदाला कामावर आणलं. दुपारी चिंध्यांच्या ढिगावर झोपली. घामाने भिजून उठली, म्हणाली, अंगावरचं काढ. अंगावर काही नव्हतं.

२२ मे
तिच्या केसांना तपकिरीचा वास. जेवणानंतर कापराचा. मग शिळ्या मोगऱ्याचा. म्हणते, आज्या सरकत नाहीत.
कांताबाईंनी तिला कौतुकाने नाव विचारलं. तिने सांगितलं. कांताबाईंनी सुई खाली ठेवली. मला म्हणाल्या, नऊ जणी एका पोरीच्या अंगावर घातल्यास, बाई.

२३ मे
ताप. डॉक्टर म्हणतात, उन्हाचा. तिला श्वास घ्यायला त्रास होतो, छातीवर ओझं असल्यासारखा.
सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, नोकरीचं नंतर बघू, आधी गोधड्या मागवा. शेवटचा टाका उसवायचा, खरं नाव घेऊन पुन्हा घालायचा. कांताबाई म्हणतात, तेवढं पुरेल. पुरेल बहुतेक, असं म्हणाल्या.

२६ मे
सहा आल्या. एकेक टाका उसवला की अक्षदा एक लांब श्वास घेते. मी मोजते.

२७ मे
आठ. आज उठून बसली. थोडा भात खाल्ला.
नववी शहाडला, रतन नावाच्या माणसाकडे. त्याने ऑर्डरखाली लिहिलेलं, पदरावर चहाचा डाग आहे, धुऊ नका, आई बशीतून प्यायची. फोनवर म्हणाला, वास नसला तरी चालेल. एकदा गेली ती पुरे. परत देणार नाही.

२८ मे
शहाड. रतनच्या दाराला कडी लावलेली. आतून म्हणाला, ताई, जा तुम्ही. मी म्हटलं, माझी मुलगी— म्हणाला, माझी आई.
जिन्यावर बसून लिहितेय. कांताबाई अक्षदाजवळ आहेत. त्यांचा फोन. झोपलीय म्हणतात, गाढ. हाताला हात लावला तर कातडी सैल लागते, म्हातारीसारखी.
परत निघाले. गोधडी नाही.

२९ मे, सकाळ
ताप उतरला. अक्षदा आपणहून उठली. अंथरुणाची घडी घातली, कधी घालत नाही. चहा मागितला. ती दूध पिते. कपात दिला. बशी मागितली. ओतला, फुंकर घातली, प्यायली. मग विचारलं, रतन उठला का?