पंपावरची तुळस

८ एप्रिल १९८६, मंगळवार. कांदिवली

अग्निशमन दलाच्या परवानगीसाठी आज साकीनाक्याचा पेट्रोलपंप तपासला. चार खांब, वर पत्रा. मालक म्हणाला, "साहेब, इथे राहतंय कोण? फवारे कशाला बसवू?" नुसत्या छपराला पाण्याचे फवारे लागत नाहीत, हे खरं. पण खाली कोणी राहत असेल तर ते नुसतं छप्पर कसलं?

आणि खांबामागे ऑइलच्या डब्यात तुळस! शेजारी वळकटी. मालवणचा म्हातारा वॉचमन हसला. "हंयच ऱ्हवतंय. दुसरीकडे खंय जातलंय?" दिवेलागणीला त्याने तुळशीला नुसते हात जोडले. "दिवो लावणंय नाय, सायब. पेट्रोल आसा ना."

खरं लिहिलं तर मालक फवारे थोडेच बसवणार? म्हाताऱ्यालाच हाकलेल. आणि खोटं लिहिलं नि भडका उडाला तर? वैताग नुसता. रिपोर्ट अजून कोराच आहे. ती डब्यातली तुळस डोळ्यांपुढून हलत नाही.

घरी आलो, कुलूप काढलं. खिडकीत सुमनने लग्नानंतर लावलेली तुळस अंधारात उभी. ती गेल्यापासून पाणी तेवढं घालतो मी.

आमच्या खोलीत पेट्रोल नाही. तरी दिवा इथेही लागत नाही.