बाटलीतली बाई

भाद्रपद वद्य अष्टमी, दिवेलागण

सुमन, मी सांगते तसं वहीत लिही, पण आधी तारीख टाक. मागच्या पानावर विसरलीस, आणि विसरभोळी म्हणे सासू!

मंजू सावेडीहून येऊन गेली. कॅन्सरवर नवी औषधं बनवते आमची नात. तिची आई, माझी थोरली सून, छातीच्या गाठीनंच गेली ना. पोरगी रडवेली झाली होती. "आजी, औषध फसलं. गाठीच्या पेशी मेल्या, पण चांगल्याही मेल्या. आता सोडूनच देते."

"गाठ कुनाची गं?"

"एका बाईची. ती कधीच गेली. तिच्या पेशी बाटलीत वाढतात, मी त्यांना खायला घालते."

"नाव काय तिचं?"

"नाव नाही, नंबर असतो."

"एका हातानं जेवू घालतीस, दुसऱ्यानं इख पाजतीस. सासू शोभतीस की!" ती हसली नाही.

तेव्हापासून ती बाटली नजरेसमोरून हलेना. बाई गेली आणि गाठ तेवढी जेवतेय. लेकरं असतील का तिला? बाटलीत थोरलीच बसलीय असं का वाटतं मला? उद्या अविधवा नवमी, थोरलीचं पान आपण वाढू. हिचं कोण वाढणार? नंबराला कावळा शिवतो का?

उद्या मंजूच्या डब्यात वडे आणि भोपळ्याची भाजी धाड. त्या बाईचा खीर-वड्याचा घास वेगळा बांध. मंजूला सांग, गच्चीवर ठेव आणि म्हण, "बाई, औषध सापडेपर्यंत मी सोडत नाही."

खिरीत गूळ कमी टाकू नकोस. पाहुणी हाय ती.