आधी आपल्याच वस्तीची लाईट

पप्पा, आपलं पॉवरहाऊस पाडायला निघाले होते. तळवड्याच्या रस्त्याला पार्किंग कमी पडतं म्हणून. आता पाडणार नाहीत, आणि ते कशामुळे वाचलं हे ऐकून तुम्ही आधी रागावाल आणि मग मिशीतल्या मिशीत हसाल, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. सगळं पहिल्यापासून सांगायची खोड मला कॉलेजात लागली. मी इतिहास घेऊन बी.ए. केलं, घरातली पहिली पदवीधर झाले, तेव्हा मम्मी म्हणाली होती, "झालेलंच परत शिकायचं तर त्याला फी कशाला?" तिला पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आता मी एका छोट्या संस्थेत आहे. शहरातल्या जुन्या इमारती लोकांना दाखवायच्या आणि त्या पाडू नका म्हणून अर्ज करत फिरायचं, हे माझं काम. तुम्ही असतात तर विचारलं असतं, "आणि जेवायच्या सुट्टीत काय करता?"

तुम्ही कामाला लागलात तेव्हा त्या मोठ्या हॉलमधली डिझेलची इंजिनं केव्हाच थंड झाली होती. चहूकडे शेतं होती आणि पहिले कारखाने उभे राहत होते, तेव्हा वीज तिथेच तयार व्हायची. मग लांबून, धरणावरून तारा आल्या. वीज बनायची बंद झाली, नुसती वाटायची राहिली, तरी लोकांनी पॉवरहाऊस हे नाव काही सोडलं नाही. हॉलच्या एका कोपऱ्यात तुमची खुर्ची, समोर हँडलांचं पॅनेल, एकेका हँडलवर एकेक भाग. मला अजून दिसतं: मी लहान आहे, तुमचा डबा घेऊन येते आणि बंद इंजिनाला पाठ टेकून बसते; भर उन्हाळ्यातही ते लोखंड गार लागतं. फोन वाजतो. वरून सांगतात, लोड कमी करा. कुणाची लाईट घालवायची हे तुम्ही ठरवायचं असतं, आणि तुम्ही दर वेळी तेच ठरवता: आधी आपल्याच वस्तीची. बाकीच्यांचा नंबर नंतर.

मम्मी म्हणायची, "अख्ख्या गावात तुम्हाला आमीच दिसतो का?" तुम्ही शांतपणे भाकरी मोडत म्हणायचात, "स्वतःच्या घरात उजेड ठेवून दुसऱ्याच्या घरात अंधार केला, तर उद्या पॉवरहाऊसच्या काचा शिल्लक राहतील का?" तिचं म्हणणं असं, की काचा ऑफिसच्या आहेत, फुटल्या तर ऑफिस बसवेल.

लाईट गेली की सगळी गल्ली आधी एका सुरात "होऽऽऽ" करायची आणि मग आपल्या दाराकडे बघायची. मी उंबऱ्यात उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "आमच्या पप्पांनी घालवली!" समोरून गिरणीवाल्या मावशींचा आवाज यायचा, "कळलं गं बाई! माझी ज्वारी अडकलीय गिरणीत, तिलाबी सांग!"

आत्याच्या हळदीला तर तुम्ही हद्द केलीत. पॉवरहाऊसमधला जोडीदार आजारी पडला म्हणून सख्ख्या बहिणीची हळद सोडून ड्युटीवर गेलात. नवरीच्या गालाला पहिलं बोट लागलं आणि मांडव गुडूप. कॅमेरा बॅटरीवर चालू राहिला. त्या सीडीत पडदा काळा होतो आणि नुसते आवाज ऐकू येतात. कुणीतरी बाई म्हणते, "घ्या, नवरीचा भाऊ आला!" मग हशा, मग मम्मीचं, "येऊ द्या त्यांना घरी, मीच लावते त्यांना हळद." त्या अख्ख्या सीडीत तुम्ही एवढेच आहात. आम्ही ती अजून बघतो आणि तो काळा भाग कुणी पुढे ढकलत नाही.

तुमचा कामावरचा एकही फोटो नाही, पप्पा. म्हणून मला तो हॉल हवा होता. अर्जात मी त्याला "औद्योगिक वारसा" म्हटलं.

सुनावणी लागली तेव्हा मी वस्तीतल्या जुन्या माणसांना घरोघरी जाऊन विनवलं, की या आणि पॉवरहाऊसबद्दल दोन चांगले शब्द बोला. आधी मी बोलले. पहिली इंजिनं, पहिले कारखाने, पहिला दिवा बघायला जमलेली माणसं. पडद्यावर चित्रं दाखवली. "एका शहराचा उजेड ही त्याची स्मृती असते," असंही एक वाक्य टाकलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तेवढ्यात चहा मागवला.

मग गिरणीवाल्या मावशी उभ्या राहिल्या. "साहेब, या पॉवरहाऊसनं माझा धंदा बुडवला. दळण घातलं रे घातलं, की हिचा बाप लाईट घालवायचा. अर्ध्या वस्तीनं भरड खाल्लीय त्याच्यापायी."

मी हळूच म्हटलं, "मावशी, चांगलं बोला ना."

"चांगलंच बोलतेय. शिव्या दिल्या का?"

त्यांच्यामागून जुन्या गावातले आबा उठले, ज्यांच्या शेतात आता कंपन्यांची गोडाउनं आहेत. "साहेब, टीव्हीवर म्याच बघत व्हतो. शेवटची ओव्हर. एक चौका पायजे व्हता, आन् गेली लाईट. चौका बसला का न्हाई, मला आजपातुर ठावं न्हाई."

"अहो, दुसऱ्या दिवशी पेपरात आलं असेल की," साहेब म्हणाले.

"पेपर कशाला बघायचा? राग गेला असता ना!"

मग रांगच लागली. कुणाचं बारसं, कुणाचा इस्त्रीखाली अर्धा राहिलेला मुलाखतीचा शर्ट. मी डोकं धरून बसले होते. तुमच्या नावाचा एवढा उद्धार एका खोलीत कधी झाला नसेल. साहेबांनी चहा बाजूला ठेवला, हसू आवरलं आणि विचारलं, "म्हणजे पाडावं, अशीच सगळ्यांची मागणी आहे तर?"

मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पाडायचं? मंग आमी बोंबलायचं कुणाच्या नावानं?"

आणि आबा खाली बसता बसता बोलले, "मानूस तर गेला. आता भिंतबी नेताय व्हय?"

हॉल राहिला, पप्पा. पार्किंग मागच्या मोकळ्या जागेत गेलं. आदेशात माझ्या भाषणाचा उल्लेख नाही. "स्थानिकांच्या तीव्र भावना लक्षात घेता" एवढंच लिहिलंय.

गेल्या आठवड्यात हॉल लोकांसाठी उघडला. इंजिनं पुसून घेतली, तुमची खुर्ची जागेवर ठेवली. संध्याकाळी साहेब भाषणाला उभे राहिले, "हा प्रकाशाचा वारसा," एवढं म्हणाले आणि लाईट गेली. खरीच गेली, सगळ्या रस्त्याची. आणि मग एवढ्या वर्षांनी तेच, एका सुरात, "होऽऽऽ!" लाईट परत आली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी तुमच्या पॅनेलपाशी उभी होते आणि आपल्या वस्तीचं हँडल माझ्या मुठीत होतं. मावशी ओरडल्या, "बापाची लेक हाय!" आणि टाळ्या थांबेनात. साहेबांनीही वाजवल्या. त्या हँडलला आता एक तारही जोडलेली नाही, पण मी कुणाला काही बोलले नाही.

हे पत्र मी पॅनेलशेजारच्या काचेच्या पेटीत ठेवायला म्हणून लिहायला घेतलं होतं. आता ते माझ्या पर्समध्येच राहील. पेटीत ठेवलं तर मावशी कुणाकडून तरी वाचून घेतील आणि वस्तीला कळेल, की हँडल मी ओढलं नव्हतं, नुसतं घट्ट धरलं होतं. मला अंधाराची भीती वाटते, पप्पा. तेव्हाही वाटायची. उंबऱ्यात उभी राहून मी तुमच्या नावानं एवढ्या मोठ्यांदा ओरडायचे, ते त्यासाठीच.