दुसरं शून्य

६ एप्रिल
पोहोचलो बुवा इंदुरात! स्टेशनवर वर्कशॉपमधला परेश न्यायला आला होता. जन्मापासून इथलाच मराठी, पण बोलणं असं: "श्रीपादभिया, सामान इकडे देऊन द्या, टेन्शन नाही घ्यायचं." खोली छत्रीबागेत मिळाली आहे. खिडकीला कूलर आहे आणि मालकीणबाई पाण्याच्या वेळा पाढे म्हटल्यासारख्या ऐकवतात. संध्याकाळपर्यंत माझी खात्री पटली की ही माणसं चहा सोडून बाकी सगळ्यावर शेव घालतात. खूप दिवसांनी पोटभर जेवलो. निघताना आई रडली, एकटा जातोस म्हणून. पण चाकणला प्रत्येक वळणावर तन्वी दिसते, त्यापेक्षा हे बरं. इथला एकही रस्ता तिने पाहिलेला नाही.

९ एप्रिल
वर्कशॉप मल्हारगंजात, इतक्या अरुंद गल्लीत की गाडी आत घेणं ही वेगळीच परीक्षा. मालक जयसिंगरावजी, साठीचे, रुबाबदार. मी हायब्रिड गाड्यांचे कन्व्हर्टर तपासतो. या गाड्यांच्या मोठ्या बॅटरीत दोनशेवर व्होल्ट असतात. कन्व्हर्टर त्यांचे चौदा करून दिवे, हॉर्न, काचा यांना पुरवतो. तो बिघडला की गाडी भर रस्त्यात मान टाकते. उघडण्याआधी सर्व्हिस प्लग काढून मोठी बॅटरी तोडायची, आत साठलेली वीज उतरेपर्यंत थांबायचं, मग मीटर लावून आकडा शून्यावर आलाय का ते पाहायचं.

चाकणला हे काम दोघांनीच करायचा नियम होता. मीटर लावणाऱ्याने "शून्य" म्हणायचं. दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी आकडा पाहून "शून्य" म्हणायचं. त्यानंतरच ग्लोव्हज काढून हात आत. माझी दुसरी तन्वी होती. तिथेच आमचं जमलं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा ती पुटपुटली, "शून्य", आणि भर मांडवात मला हसू फुटलं. ऑगस्टमध्ये डेंग्यूने गेली. थोडे दिवस ताप काय आला आणि संपलंच सगळं.

इथे दुसरा कुणी नसतो. परेशला नियम सांगितला तर म्हणाला, एवढी माणसं आणायची कुठून.

१५ एप्रिल
दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी मागच्या शेडमध्ये एकटा, एका गाडीचं झाकण उघडून. मीटर लावला, आकडा उतरला, सवयीने म्हणालो, "शून्य."

मागून उत्तर आलं. "शून्य."

तिचाच आवाज. 'शू' जरा लांबवून, सर्दी झाल्यासारखा नाकात. वळून पाहिलं तर भिंतीला टेकवलेले टायर, बाकी कुणी नाही. घाबरायला हवं होतं. मी तिथेच फरशीवर बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो, आनंदाने. माझी तनू मला शोधत इंदूरपर्यंत आली होती.

२४ एप्रिल
कन्व्हर्टरची कामं आता दुपारसाठी राखून ठेवतो. शेडमध्ये मी एकटा हवा आणि झाकण उघडं हवं. मग मी म्हटलं की ती म्हणते. एकच शब्द, पण मला तेवढा पुरतो. रोज दाढी करायला लागलोय, डबा संपवतो. जयसिंगरावजी खूश आहेत. सगळ्यांसमोर म्हणाले, जेवणाची सुट्टी सोडून काम करणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

फोनवर आवाज टिपून पाहिला. त्यात फक्त माझा आला. पुन्हा टिपणार नाही.

२ मे
आज घाई केली. तिचा आवाज ऐकायची, दुसरी कसली? पुरता वेळ थांबलो नाही, मीटरकडे पाहिलं नाही, तसाच म्हणालो. ती म्हणाली, "शून्य." ग्लोव्हज काढले, हात आत घालणार तेवढ्यात मीटर घसरायला लागला, म्हणून नजर गेली.

दोनशे चौदा.

तन्वी चुकली? आकडा दोनदा पाहिल्याशिवाय मला स्क्रूलासुद्धा हात लावू न देणारी? माझा एक ग्लोव्ह फाटका निघाला तर आठवडाभर बोलली नव्हती माझ्याशी.

३ मे
परेशला विचारलं, माझ्याआधी त्या शेडमध्ये कोण होतं. आधी टाळलं. मग म्हणाला, गजानन. "तो पण असाच भिया, दुपारी एकटाच बसून राहायचा." जेवायला हाक मारली की गजानन सांगायचा, आई आली आहे. आई त्याची केव्हाच वारलेली. एका दुपारी तो गाडीवर ओणवा सापडला. मीटर लावलेला होता. आकडा शून्य नव्हता.

परेशने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुमच्याकडे कोण येऊन राहिलंय?
मी उठून आलो.

५ मे
तपासणी हाच माझा धंदा. आज त्या आवाजाची केली. दोन्ही ग्लोव्हज घालून, हात पाठीमागे ठेवून.

विचारलं, घरी तू मला काय म्हणायचीस.
शून्य.
आपण बाळाचं नाव काय ठरवलं होतं.
शून्य.
माझी आठवण येते का.
'शू' लांबवला. अगदी तिच्यासारखा.

७ मे
ती तन्वी नाही. गजाननची ती आई नव्हती, माझी ही तन्वी नाही. तन्वीला मीच अग्नी दिला. पण दुसऱ्यांदा विधुर झालोय मी, आणि या वेळी भेटायला कुणी येणार नाही.

राजीनामा दिला. जयसिंगरावजी नाराज, पण अडवलं नाही. उद्या एक शेवटची गाडी. परेश दुसरा म्हणून उभा राहणार. शेडमध्ये एकट्याने जायचं नाही, अशी त्याने मला आईची शपथ घातली आहे.

८ मे, दुपार
परेशला जेवायला पाठवलं. आल्यावर करू म्हणालो. खोटं—

निरोप घ्यायचाय फक्त. एकदा ऐकायचं आणि जायचं.

प्लग काढून अर्धा तास झाला. मीटर लावलाय. अजून दोनशे चौदा. उतरत नाही. उजव्या हाताने लिहितोय, डाव्या हातात ग्लोव्ह घातलाय.

म्हणालो, दोनशे चौदा.
ती म्हणाली, शून्य.
म्हणालो, मला दिसतंय गं.
हसली. ते हसू मी ऑगस्टपासून—

डावा ग्लोव्ह निघालाय. मी काढला नाही. बाकावर पडलाय—

हात धरलाय. बोटांत बोटं. दिसत कुणी नाही.

तन्वीची बोटं कायम गार. उन्हाळ्यातसुद्धा. ही गरम आहेत. ही तिची नाहीत. मला कळतंय, ही तिची—

ओढतंय. आत. हळूहळू.

गल्लीत परेशची स्कूटर. हाक मारली तर येईल. झटका दिला तरी सुटेन, इतकी सैल आहे पकड. देतो. आता देतो. फक्त—

किती महिन्यांनी कुणी माझा हात