पुढच्या डाव्या चाकाचा नट

प्रिय ठमे,

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. बाबांचं पेपरातलं कोडं अजूनही अर्ध्यावर अडतं आणि उरलेलं मी सोडवलं की ते दिवसभर फुगून बसतात. फोन केला की तुझ्या शेजारी कुणी ना कुणी बसलेलं असतं आणि तू सगळ्याला ‘मजेत आहे’ एवढंच म्हणतेस. म्हणून हे कागदावर.

बातमी अशी, की तुझी आई गाडी दुरुस्त करते आहे. आधी पोटभर हसून घे. आठ महिने दारात उभी असलेली आपली जुनी गाडी, जिचं पुढचं डावं चाक घुमतं, तीच. बेअरिंग गेलंय. ते बदलायचं तर चाकाच्या मधोमध असलेला मोठा नट आधी सुटायला हवा. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले, तर तो म्हणाला, साहेबांना विचारलंत का? साहेबांनी म्हणे गाडी भंगारात काढायचं ठरवलंय, ते हो म्हणाले की बघू. गाडी माझ्या नावावर आहे हे मी त्याला सांगितलं. तो नुसता हसला. तेव्हाच ठरवलं, आता हा नट मीच सोडवणार, बघतेच कसा सुटत नाही ते.

तुला माहीत आहे, सव्वीस वर्षं मी कारखान्याच्या टूल स्टोअरच्या खिडकीत बसले. कामगारानं पितळी बिल्ला द्यायचा, मी पाना द्यायचा, संध्याकाळी पाना परत आला की बिल्ला परत. कुठल्या मापाचा पाना कुठल्या कप्प्यात आहे ते अजून डोळे मिटून सांगेन. पण एवढ्या वर्षांत एकही नट मी स्वतः फिरवला नव्हता. आणि हा नट साधासुधा नाही, तो बाबांनी आवळलेला. त्यांची पद्धत तुला ठाऊक आहे. त्यांनी बरणीचं झाकण लावलं की ती बरणी आपण विसरायची. हा नट तर त्यांनी पान्यावर उभं राहून आवळला होता.

पहिल्या दिवशी मी मूर्खपणा केला. शेजाऱ्यांकडून बारा कोनांचा सॉकेट मागून आणला. तो नटावर टोपीसारखा बसतो खरा, पण धरतो नुसत्या कोपऱ्यांना. जोर लावला तसा सटकला, नटाच्या कडा झिजल्या आणि माझी चार बोटं सोलून निघाली. स्टोअरमध्ये कुणी असा सॉकेट अशा कामाला मागितला असता तर मी त्याला खिडकीतूनच झापलं असतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या जुन्या फिटरकडे गेले. त्यानं सहा कोनांचा, जाड काळा सॉकेट दिला, हातभर लांब दांडा दिला आणि वर दांड्यावर चढवायला लोखंडी पाइप. कटकट वाजणारा रॅचेट वापरू नका म्हणाला, त्याचे दात तुटतील. नटाची कड चाकाच्या आसाच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीनं उचला, तेल सोडा, दोन दिवस हात लावू नका. मी सगळं तसंच केलं.

त्या दोन दिवसांत बसून राहण्याखेरीज काम नव्हतं, तेव्हा नको ते आठवत राहिलं. गाडी शेवटची चालवली ती मीच, तुला स्टँडवर सोडायला. भर उन्हाळ्यात तू लांब बाह्या घालून आली होतीस. मी पाहिलं होतं, ठमे. पाहिलं आणि विचारलं नाही. चार दिवस राहिलीस, मग बाबा म्हणाले की आता तिचं घर तिकडे आहे, आणि मी तुझी बॅग भरली. सगळ्या रस्त्यात ते चाक घुमत होतं आणि आपण दोघी त्या आवाजाचंच बोलत होतो. संध्याकाळ झाली की जिथली वस्तू तिथे परत गेली पाहिजे, ही माझी जन्माची सवय. पण तू स्टोअरमधला पाना नव्हतीस. मला लाज वाटते. आठ महिने रोज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाक जॅकवर उचलून पाइप लावून ओढलं, तर नटाऐवजी चाकच फिरायला लागलं. हँडब्रेक मागच्या चाकांना, पुढचं चाक धरायचं तर आत बसून कुणीतरी ब्रेक दाबून ठेवायला हवा. शेजाऱ्यांना हाक मारावी का, असा विचार करत मी चाकाशी बसले होते. बाबा खिडकीतून बघत होते. भंगारातच जाणार आहे ती, असं त्यांनी दोनदा ऐकवलं. मी वर न बघता सांगितलं की गाडी कुठे जाणार आहे ते मी ठरवलंय, आणि कुठे ते त्यांना सांगितलं. खिडकी बंद झाली. मग चपलांचा आवाज आला. ते गाडीत बसले, दार लावून घेतलं आणि दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले. मी सगळं अंग पाइपवर टाकलं. नट असा कडाडला की मला वाटलं दांडाच मोडला. सुटला होता. बाबा मात्र ब्रेक सोडेनात. मी काचेतून बघितलं, तर स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडत होते.

आता नवं बेअरिंग आहे, नवा नट आहे, आणि तो मी मोजून आवळलाय, बाबांना हात लावू दिलेला नाही. काल तीस किलोमीटर फिरवून आणली, चाक गप्प आहे. शनिवारी तुझं ऑफिस दीडला सुटतं. मी एक वाजल्यापासून फाटकाबाहेर असेन. घरी जाऊन बॅग भरत बसू नकोस, कुणाची परवानगी घेऊ नकोस, आहेस तशी ये. तिकडचे लोक आले तर दारात मी उभी राहीन, पाइप अजून फिटरला परत केलेला नाही. बाबा येताहेत का ते मी विचारलं नाही. पण आज सकाळी ते गाडीची मागची सीट पुसत होते, आणि मला म्हणाले, ती पुढे बसेल, मी मागे बसतो.

तुझीच,
आई